सागाच्या शोधात लवजी

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी घरच्या प्रेशर कुकरमध्ये प्लायवूड शिजवलं. बायकोने आधी विचारलं, हे काय चाललंय, आणि मी सांगितल्यावर पुन्हा काही विचारलं नाही. नवा कुकर मात्र त्याच आठवड्यात घरी आला.

त्याचं असं झालं. रनाळ्याला माझा चुलत भाऊ असतो, आम्ही त्याला जिभाऊ म्हणतो. नंदुरबारहून दोंडाईच्याकडे जाताना लागणारं हे आमचं गाव. होडीशी गावाचा तसा काही संबंध नाही. कापूस, मिरची आणि पावसाची वाट बघणं, एवढाच व्यवसाय. पण तापीवर प्रकाशाला आणि सारंगखेड्याला बॅरेज झाल्यापासून नदीत उन्हाळ्यातही पाणी दिसतं. ते बघून दिवाळीत मी आणि जिभाऊने ठरवलं की एक बारा फुटी होडी बांधायची. विकत घ्यायची नाही, बांधायची. त्याच्या खळ्यात, गावच्या मिस्तरींना हाताशी धरून. आमचे एक शेजारी ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पानी कोठे शे?" त्यांच्या हिशोबात रनाळ्यापासून तापी म्हणजे परदेशच.

होडीचं डिझाईन मिळणं सोपं आहे. ती कशी जोडायची हे शिकवणारेही भरपूर आहेत. अडतं ते सामानावर. पुण्यातल्या भवानी पेठेत, टिंबर मार्केटमध्ये, दर तिसऱ्या दुकानावर 'मरीन प्लाय' लिहिलेलं असतं. पण हे मरीन प्लाय समुद्रावर कधी जात नाही, ते किचन ट्रॉलीत जातं. आयएस ७१० हा खऱ्या मरीन प्लायचा मानक. त्यात नमुना बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि थर सुटता कामा नयेत, अशी चाचणी आहे. बहात्तर तास गॅस कोण जाळणार, म्हणून मी कुकर वापरला. दुकानदाराने शपथेवर दिलेला तुकडा चाळीस मिनिटांत वहीसारखा उलगडला. आतले थर तर दोन वेगळ्या झाडांचे निघाले. (आता मी शिक्क्याखालचा लायसन्स नंबर बीआयएसच्या अ‍ॅपवर टाकून बघतो. तेव्हा सुचलं नाही.)

आमच्या धंद्यात याला व्हेंडर इव्हॅल्युएशन म्हणतात आणि त्याची एक्सेल शीट असते. पण लाकडाचा व्हेंडर तपासायचा कसा? हा प्रश्न माझ्याआधी कुणाला पडला असेल म्हणून वाचत गेलो, आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याला तो जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी पडला होता.

लवजी नसरवानजी वाडिया. सुरतेचा पारशी सुतार. १७३५ च्या सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीचं 'क्वीन' नावाचं जहाज सुरतेत बांधलं जात होतं आणि लवजी तिथे हाताखालचा कारागीर होता. त्याचं काम बघून कंपनीच्या माणसाने त्याला मुंबईला बोलावलं. १७३६ मध्ये तो काही सुतारांना घेऊन मुंबईत आला. इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढचीही असते: त्याच्या घराण्याने पुढची दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली, वगैरे. मधली एक ओळ मात्र सहसा कुणी थांबून वाचत नाही. लवजी मुंबईत आल्यावर लगेच जहाजाला हात लावत नाही. त्याला उत्तरेकडे पाठवलं जातं, लाकूड मिळवायला आणि तिथल्या लाकूड व्यापाऱ्यांशी कायमचा पत्रव्यवहार बांधायला. ते काम झाल्यावर येताना तो बायकामुलांना मुंबईला घेऊन येतो.

हा क्रम मला फार आवडला. आधी सप्लायर, मग बिऱ्हाड. नोकरी टिकणार की नाही हे लाकडावर ठरणार होतं, आणि त्याला ते कळत होतं.

मुंबई तेव्हा कंपनीच्या हातात होती, पण ते एक बेट. बंदर उत्तम, आणि झाडं कुठली तर नारळाची. सुरतेला मात्र पाठीशी जंगल होतं. मुंबईतल्या माणसाने जहाजाच्या लाकडासाठी 'उत्तरेकडे' म्हटलं की सुरतेच्या मागचा डोंगराळ पट्टा डोळ्यासमोर येतो: धरमपूर, वांसदा, आणि त्यापलीकडे डांग. म्हणजे सह्याद्री जिथे संपत येतो ती जागा. रनाळ्याहून पश्चिमेला नवापूरच्या बाजूने गेलात की याच डोंगरांची मागची बाजू लागते. सुरत ते बऱ्हाणपूर हा जुना व्यापारी रस्ताही नंदुरबारवरूनच जायचा. १६१५ च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याच रस्त्याने गेला. आज आमचं गाव नकाशाच्या कोपऱ्यात वाटतं, पण सुरतेच्या बाजूने बघितलं तर ते कोपऱ्यात नव्हतं.

आता लवजीला नेमकं काय काय लागत असेल ते बघा, कारण माझी यादी आणि त्याची यादी यांत फारसा फरक नाही.

पहिला साग. सागच का? ओकच्या लाकडात आम्ल असतं, ते लोखंडी खिळ्याला खातं आणि खिळा गंजून भोवतालचं लाकूड कुजवतो. सागात तेल असतं, त्यात खिळा टिकतो. कीड लागत नाही, उन्हापावसात लाकूड फारसं हलत नाही. पण साग घ्यायचा तर तो वाळलेला हवा, आणि ओला साग पाण्यात तरंगतही नाही, म्हणजे नदीतून वाहून आणता येत नाही. त्यासाठी जाणकार लोक उभ्या झाडाच्या बुंध्याला गोल खाच पाडून ते दोनतीन वर्षं तसंच उभं वाळू देत आणि मग तोडत. म्हणजे आज तोडलेल्या ओंडक्याचा निर्णय दोनतीन वर्षांपूर्वी घेतलेला. ऑर्डर दिली आणि माल आला, असा हा प्रकारच नाही. जंगलातल्या माणसाने तुमच्यासाठी आधीच विचार करून ठेवलेला असावा लागतो. 'व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार बांधणे' याचा अर्थ मला इथे कळला.

दुसरं, वाकडं लाकूड. जहाजाच्या फासळ्या आणि कोपऱ्यातले आधार सरळ फळीतून कापले तर रेषा तुटतात आणि लाकूड तिथेच चिरतं. जी फांदी मुळातच वाकडी वाढली आहे तीच हवी. सरळ सोट देणारे पुष्कळ भेटतात. हवा तसा वाकडेपणा देणारा भेटणं कठीण. युरोपातल्या गोद्यांची मोठी अडचण हीच होती. आमच्याकडे मिस्तरींनी हा प्रश्न दोन मिनिटांत सोडवला. बांधावरच्या बाभळी दाखवल्या आणि म्हणाले, "हिच्याइतकी वाकडी कोण?" बैलगाडीच्या कामात हयात गेलेला माणूस. बाभळीची फांदी बघून तो सांगतो की हिच्यातून काय निघेल.

तिसरं, फटी बुजवायचं सामान. स्टॅवोरिनस नावाचा एक डच कप्तान १७७४ ते १७७८ च्या सफरीत सुरतेला आला होता. त्याने तिथल्या सुतारांची पद्धत बारकाईने लिहून ठेवली आहे. युरोपात फळीला फळी नुसती भिडवत आणि मग फटीत दोर ठोकत. सुरतेत फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसवत, आणि मध्ये राळ नि कापूस घालत. जोड इतका घट्ट की फट दिसू नये. कापूस! त्या रस्त्याच्या टोकाला आमचा खानदेश कापसानेच भरलेला आहे. मी जिभाऊला म्हटलं, बघ, आपण एका बाबतीत तरी सप्लायर आहोत.

आणि चौथं, हार्डवेअर. इथे एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण सॉफ्टवेअरवाल्यांना तो फार ओळखीचा वाटेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश आरमाराने जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारायला सुरुवात केली, कारण लाकूड पोखरणारे समुद्री किडे तांब्याला शिवत नाहीत. किडे थांबले. पण आतले बोल्ट लोखंडाचे होते, आणि खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड शेजारी आले की लोखंड झपाट्याने खलास होतं. वरून जहाज झकास, आतून बोल्टचा भुगा. एक लायब्ररी अपग्रेड केली आणि दुसरी मेली! शेवटी १७८० च्या दशकात तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट आले. मुंबईत बांधलेल्या जहाजांना हे तांबं इंग्लंडहून यायचं. म्हणजे सागाचा मालक मलबारात, वाकड्याचा आणखी कुठे, तांब्याचा सहा महिन्यांच्या अंतरावर. (आमच्या होडीचं पाणी गोडं, त्यामुळे साधे ३०४ ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट चालतील. ते मात्र एका फेरीत मिळाले.)

असो. मूळ मुद्दा लाकडाचा.

जहाजासाठी लाकूड कुठून आणावं हा प्रश्न लवजीच्याही आधी आपल्याकडे कुणीतरी नीट विचार करून सोडवला होता. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि मग तिथे जहाजं बांधायला सुरुवात केली. त्यानंतर साठएक वर्षांनी, १७१५ च्या सुमाराला, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल स्वतंत्र सूचना आहेत. शाळेत आपल्याला त्यातला रयतेच्या कळवळ्याचा भाग शिकवतात. मी या वेळी ते खरेदी धोरण म्हणून वाचलं, आणि थक्क झालो. राज्यातल्या अरण्यातला साग वगैरे लागेल तेवढा परवानगी घेऊनच तोडायचा. त्याहून जास्त लागला तर परमुलखातून विकत आणायचा. आंबा आणि फणस यांचं लाकूडही आरमाराच्या कामाचं आहे, हे स्पष्ट मान्य केलंय, पण त्याला हात लावायचा नाही, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या खुशीने न्यायचं. जबरदस्ती नाही.

लक्षात घ्या, लिहिणाऱ्याच्या हातात सत्ता आहे. त्याला झाड फुकट मिळू शकतं. तरी तो किंमत आणि मालकाची खुशी या दोन अटी घालतो. प्रत्यक्षात प्रत्येक सुभेदाराने हे पाळलं असेल असं समजण्याइतका मी भोळा नाही. पण नियम म्हणून तरी तो लिहिला गेला.

याच काळातली दुसरी गोष्ट उलटी आहे. १७७२ मध्ये मराठी आरमाराने पोर्तुगीजांचं 'सांताना' नावाचं जहाज पकडलं. पुढे १७७९ चा तह झाला आणि नुकसानभरपाई म्हणून १७८३ मध्ये पेशव्यांकडून पोर्तुगीजांना नगरहवेलीतली गावं मिळाली. एका जहाजाच्या बदल्यात जंगलाचा मुलूख. दमणची गोदी पुढे याच जंगलाच्या सागावर चालली. ही तात्पुरती सोय १९५४ पर्यंत टिकली. मला नाही वाटत की तह लिहिणाऱ्यांना आपण एका जहाजबांधणीवाल्याला कायमचा लाकडाचा डेपो देतोय याची कल्पना होती.

इकडे लवजीचा धंदा वाढत होता. १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी झाली. १७७४ मध्ये लवजी गेला, मुलं आणि नातवंडं कामावर. मग नेपोलियनच्या लढाया सुरू झाल्या आणि इंग्लंडला ओक पुरेना. नेल्सनच्या एका 'व्हिक्टरी' जहाजाला सुमारे सहा हजार झाडं लागली होती असं सांगतात. आता मुंबईला थेट ब्रिटिश आरमाराच्या ऑर्डरी येऊ लागल्या. लवजीचा नातू जमशेदजी बोमनजी याने १८१० मध्ये 'मिंडेन', १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस', १८१७ मध्ये 'ट्रिंकोमाली' बांधलं. 'ट्रिंकोमाली'चे नकाशे घेऊन निघालेलं 'जावा' जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांनी वाटेतच संपवलं, त्यामुळे नकाशे पुन्हा पाठवावे लागले. बॅकअप नसणं हा प्रॉब्लेम तेव्हाही होता. :-) हे 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. ब्रिटनचं अजून तरंगणारं ते सर्वात जुनं युद्धजहाज. मलबारी साग, मुंबईचे हात.

पण एवढा साग द्यायचा कुणी? इथे लवजीची पद्धत मोडते. व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार, ओळख, वेळेवर पैसे, यावर एका गोदीचं काम चालत होतं. साम्राज्याचं चालेना. १८०६ मध्ये कंपनीने मलबारात कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला जंगलांचा कन्झर्व्हेटर नेमलं. शब्दाचा अर्थ रक्षक, काम लाकूड मिळवण्याचं. लवकरच जाहीर झालं की सागावर हक्क कंपनीचा. ज्यांच्या जमिनीत झाडं होती ते मालक आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या लाकडाचा व्यापार केला ते व्यापारी, दोघेही बाजूला. तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने ते पदच रद्द केलं. तोपर्यंत हाताशी येणारा चांगला साग बराच उडाला होता. म्हणून तर १८४० च्या दशकात निलांबूरला कलेक्टर कॉनोली आणि त्याचा मदतनीस चातू मेनन यांना साग लावायला सुरुवात करावी लागली. साग तयार व्हायला साठ-ऐंशी वर्षं लागतात. जहाजाची ऑर्डर त्यापेक्षा जरा घाईची असते.

मलबार आटत चालल्यावर गोदीची नजर पुन्हा वळली ती उत्तरेकडे. लवजी गेला होता त्याच बाजूला. फक्त या वेळी कुणी सुतार आला नाही.

डांगच्या जंगलावर भिल्ल राजांची सत्ता होती: गाढवी, पिंपरी, वासुर्णा वगैरे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे आला आणि डांगचा कारभार खानदेशातून बघितला जाऊ लागला. १८३० मध्ये औट्रम फौज घेऊन डांगात शिरला. मग १८४२ मध्ये करार झाले. राजांनी आपली जंगलं लाकूडतोडीसाठी सोळा वर्षांच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांना द्यायची, त्या बदल्यात वार्षिक रक्कम. त्याआधी व्यापारी येत, राजांना पैसे देत आणि लाकूड नेत. म्हणजे विकणाऱ्यासमोर अनेक ग्राहक होते. आता एकच ग्राहक उरला, आणि फौजही त्याचीच.

त्याच वर्षीची आणखी एक तारीख बघा. २९ ऑगस्ट १८४२. अफूच्या युद्धात हरलेल्या चीनने नानकिंगचा तह केला, हाँगकाँग ब्रिटिशांना दिलं. हा तह ज्या जहाजावर झाला ते जहाज म्हणजे 'कॉर्नवॉलिस'. जमशेदजीने मुंबईत बांधलेलं, सागाचं. एकाच वर्षात एक करार सागाच्या जहाजावर आणि दुसरा सागाच्या जंगलासाठी. पहिला इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. दुसरा मला आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या डोंगरांबद्दल वाचताना, तोही चाळिशीनंतर कळला.

डांगच्या राजांच्या समजुतीत त्यांनी झाडं भाड्याने दिली होती, राज्य नाही. आपल्या डोंगरात राहायचं, जमीन बदलत नागली पेरायची, मोह वेचायचा, हे सगळं चालू राहणारच होतं. पट्टा पुढे वाढवला गेला. १८७८ चा वन कायदा आला. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या आणि जे जंगलात राहत होते तेच जंगलात शिरले म्हणून दोषी ठरू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याविरुद्ध बंडंही झाली. मूळ रकमेचा वारसा मात्र अजून चालू आहे. दरवर्षी होळीच्या सुमाराला आहव्याला डांग दरबार भरतो आणि पाच राजांना सरकारकडून सन्मानाने सालियाना दिला जातो. मिरवणूक निघते, फोटो येतात.

आणि ज्या गोदीसाठी हे सगळं झालं तिचं काय? १८४८ मध्ये 'मियानी' हे मुंबईत बांधलेलं सागाचं शेवटचं मोठं युद्धजहाज पाण्यात उतरलं. नंतर लोखंड आलं, वाफ आली. सहा वर्षांत गोदीचा प्रश्नच उरला नाही! पट्टा सोळा वर्षांचा होता, तो तरी चालूच राहिला, कारण तोवर रेल्वेला स्लीपर हवे झाले होते. 'कॉर्नवॉलिस' १८६५ पासून इंग्लंडमध्ये शीअरनेसला धक्का म्हणून वापरात होतं, ते १९५७ मध्ये मोडलं. एकशे चव्वेचाळीस वर्षं साग टिकला. चांगला माल होता यात वाद नाही.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी गेल्या सुट्टीत जिभाऊबरोबर तळोद्याला गेलो. तळोदा हे तापीच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी गॅझेटिअरांत खानदेशातली लाकडाची मुख्य पेठ म्हणून त्याचं नाव आहे. खानदेशातल्या सगळ्यात चांगल्या बैलगाड्याही तळोद्याच्या, किंमत सुमारे चाळीस रुपये. आमच्या आजोबांची गाडीही तळोद्याचीच होती असं जिभाऊ छातीठोकपणे सांगतो. ते खरं असेल नसेल, पण रनाळ्याला चांगलं लाकूड म्हटलं की लोक उत्तरेलाच बोट दाखवतात.

तिथे चहाच्या टपरीवर एकाने सागाचा विषय काढला. किती फूट पाहिजे, किती जाड, म्हणाला उद्या संध्याकाळी रनाळ्यात पोचता करतो. भाव बाजारापेक्षा निम्म्याहून कमी. मी मोबाईलवर त्याने दाखवलेला फोटो बघितला. काय लाकूड होतं! गाभा सगळा सोनेरी तपकिरी, पांढरं लाकूड नावाला. फक्त ओंडक्यावर वनखात्याचा हातोड्याचा शिक्का नव्हता आणि वाहतूक परवान्याबद्दल विचारलं तर तो हसला. सागाचं असं आहे की तो स्वतःच्या शेतात वाढलेला असला तरी तोडायला परवानगी लागते आणि हलवायला पास. पकडला गेला तर कोण अडकणार? मी नाही. मी पुण्याला. टपरीवरचा माणूसही बहुधा नाही. ज्याने रात्री डोंगरावर ते झाड तोडलं आणि ज्याच्या वाट्याला त्यातले सगळ्यात कमी पैसे आले, तो.

मी नको म्हटलं. यात मोठेपणा काही नाही. जिभाऊ नसता तर मी तो फोटो आणखी थोडा वेळ बघत बसलो असतो, हे खरं. परतताना जिभाऊ म्हणाला, "वनखात्याच्या डेपोत लिलाव असतो, तिथून घे ना." त्याचीही चौकशी केली. लिलावात लॉट उचलायचा असतो. बारा फुटांच्या होडीला लागणाऱ्या चार फळ्यांसाठी कुणी लॉट फोडत नाही. एकदा वाटलं सुरतेवरून पुढे अलंगला जावं. तिथे मोडलेल्या जहाजांतलं सामान मैलभर पसरलेल्या दुकानांत विकायला असतं, कड्या, बिजागऱ्या, दोर, सगळं. पण लाकडाचं उत्तर तेही नव्हतं.

उत्तर मिस्तरींनी दिलं. प्लाय चांगलं आणा, फासळ्या बाभळीच्या करू, आणि तळाच्या दोन फळ्यांना आंबा चालेल, म्हणाले. कोकणात आंब्याच्या होड्या असतातच. आणि आमच्या खळ्यामागे एक आंबा आहेच. गेली सहासात वर्षं त्याला फळ नाही, निम्मा वाळलाय, दोन वर्षांपूर्वीच्या वादळात एक फांदी छपरावर आली होती.

पण तो आंबा जिभाऊचा नाही. तो मोठ्या मायचा आहे, म्हणजे जिभाऊच्या आईचा. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने कोय लावली होती. जिभाऊ म्हणाला, "मी नाही विचारणार, तूच विचार." मग गेल्या रविवारी फोनवर मीच विचारलं. आज्ञापत्रातलं सगळं कलम वापरलं: झाड जीर्ण झालंय, कामातून गेलंय, तुझी खुशी असेल तरच, आणि फुकट नको, पैसे देऊ.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मला वाटलं कॉल कट झाला.

मग म्हणाली, "कितला पैसा देशी?"

मी आकडा सांगितला. ती म्हणाली, विचार करून सांगते, आणि तोवर झाडाखाली कुणी करवत घेऊन फिरकायचं नाही. या शनिवारी मी रनाळ्याला निघालोय. प्लायचा नवा तुकडा बरोबर आहे, जुना कुकरही.